विश्लेषण : समुद्रातल्या विजेचा हिशेब कर्जत-खालापूरच्या घाटात का लागतो?

लाटा, भरती-ओहोटी आणि समुद्रावरचा वारा यांतून वीज मिळवण्याच्या योजनांची चर्चा होते तेव्हा डोळ्यांपुढे किनारपट्टी येते. रायगडपुरते बोलायचे तर उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना समुद्रकिनाराच नाही. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील अशा विजेचे भवितव्य ठरवणाऱ्या ठिकाणांमध्ये या दोन तालुक्यांवर उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या कड्याचा समावेश होतो. भरतीला आणि वाऱ्याला घड्याळ पाळता येत नाही, आणि त्यांची वीज साठवून ठेवायला लागणारी उंची कड्याकडे आहे. त्या उंचीचा वापर कसा होणार, पाण्याचे काय होणार आणि पायथ्याच्या गावांना त्यातून काय मिळणार, याचा हा आढावा.

नील अर्थव्यवस्था म्हणजे काय?

समुद्रावर आधारलेली मासेमारी, बंदरे, जहाजवाहतूक, पर्यटन, खनिजे आणि ऊर्जा ही सारी आर्थिक कामे समुद्राची तब्येत न बिघडवता करायची, अशी ही संकल्पना आहे. केंद्र सरकारने तिच्या धोरणाचा मसुदा २०२१ मध्ये हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. त्याच वर्षी ४,०७७ कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी मिळाली. समुद्रातून ऊर्जा आणि गोडे पाणी मिळवणे हा या मोहिमेच्या सहा भागांपैकी एक भाग आहे.

समुद्राची तब्येत मात्र किनाऱ्यावर ठरत नाही. खोपोलीच्या घाटातून उतरणारी पाताळगंगा खालापूर तालुका ओलांडून धरमतरच्या खाडीला मिळते. कर्जतमधून वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीत जाते. या दोन्ही नद्यांचे काही पट्टे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहेत. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याच्या हाती काय लागणार, हे नदीच्या वरच्या अंगाला असलेले कारखाने आणि शहरे काय सोडतात यावरही अवलंबून असते. म्हणजे नील अर्थव्यवस्थेत हे दोन तालुके आधीपासूनच आहेत. ऊर्जेमुळे ते आता अधिक ठळकपणे येतील.

समुद्रातून वीज कोणत्या मार्गांनी मिळते?

प्रमुख मार्ग चार. पहिला भरती-ओहोटीचा. खाडीच्या मुखाशी बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि ओहोटीला ते जलचक्कीतून सोडायचे, किंवा वेगवान प्रवाहात पाण्याखाली पाती फिरवायची. दुसरा लाटांचा. तिसरा उष्णतेचा : उष्ण कटिबंधात समुद्राचा पृष्ठभाग उबदार आणि सुमारे हजार मीटर खोलीवरचे पाणी थंड असते, त्या फरकावर यंत्र चालवायचे. चौथा समुद्रातील पवनचक्क्यांचा. तांत्रिक वर्गवारीत पवनऊर्जा वेगळी धरली जाते, पण नील अर्थव्यवस्थेच्या चर्चेत ती समुद्री ऊर्जेतच मोजतात.

या चौघांची प्रगती सारखी नाही. वारा वगळला तर जगभरातील समुद्री ऊर्जेची स्थापित क्षमता साधारण ५०० मेगावॅट आहे. त्यातील जवळपास सगळी क्षमता दोनच प्रकल्पांची : फ्रान्समधील ला रान्स (२४० मेगावॅट, १९६६) आणि दक्षिण कोरियातील सिहवा (२५४ मेगावॅट, २०११). दोन्ही भरतीचे बांध आहेत आणि त्यांच्यात ४५ वर्षांचे अंतर आहे. लाटांची यंत्रे अजून प्रायोगिक टप्प्याच्या फारशी पुढे गेलेली नाहीत. समुद्रातील पवनचक्क्या मात्र युरोप आणि चीनमध्ये हजारो मेगावॅटच्या हिशेबात उभ्या आहेत.

भारताचा आजवरचा अनुभव काय?

कागदावरची क्षमता मोठी आहे. सरकारी अंदाजांनुसार भरती-ओहोटीतून १२,४५५ मेगावॅट आणि लाटांतून सुमारे ४१,३०० मेगावॅट वीज मिळू शकते. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये समुद्री ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. त्यामुळे वीज कंपन्यांवर असलेल्या हरित वीज खरेदीच्या बंधनात ही वीज धरता येते.

प्रत्यक्षातली यादी छोटी आहे. केरळमध्ये विळिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने १५० किलोवॅटचे लाटांवर चालणारे केंद्र उभे राहिले. काँक्रीटच्या पोकळ पेटीत लाट शिरली की आतली हवा दाबली जाते आणि त्या हवेवर पंखा फिरतो, अशी ती रचना होती. हे केंद्र नंतर बंद झाले. सुंदरबनमधील दुर्गादुआनी खाडीतला ३.७५ मेगावॅटचा भरतीचा प्रकल्प २३८ कोटी रुपयांच्या खर्चाच्या अंदाजानंतर बाजूला पडला. मेगावॅटमागे ६० कोटींहून अधिक खर्च कोणत्याही वीजदरात बसणारा नव्हता. कच्छच्या आखातातला ५० मेगावॅटचा प्रकल्प २०११ मध्ये जाहीर झाला, पण उभा राहिला नाही.

लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर मात्र काम झाले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तेथे २००५ मध्ये समुद्राच्या तापमानातील फरक वापरून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र सुरू केले. मुंबईत भारत पेट्रोलियमच्या तेल टर्मिनलवर १०० किलोवॅटचा लाटांचा पथदर्शी प्रकल्प करण्याचा करार २०२५ मध्ये एका इस्रायली कंपनीशी झाला आहे. त्यातून तंत्र तपासता येईल. शहराच्या विजेच्या गरजेपुढे १०० किलोवॅट नगण्य आहे.

समुद्रातील पवनचक्क्यांचे धोरण २०१५ पासून आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी ७,४५३ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. भारताच्या समुद्रात व्यावसायिक पवनचक्क्यांची वीज मात्र अजून आलेली नाही.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वीज का परवडत नाही?

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातील शेतकऱ्याला भरतीच्या बांधाचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. खारबांधाची उघाडी भरतीच्या वेळी मिटते आणि खारे पाणी शेतात येऊ देत नाही. ओहोटीला ती उघडते आणि शेतातले पाणी खाडीत जाते. विजेसाठीचा बांध याच्या उलट वागतो. तो भरतीचे पाणी आत घेतो, दारे मिटतो आणि बाहेरची पातळी खाली गेली की आतले पाणी जलचक्कीवरून सोडतो.

यात मिळणारी वीज भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फरक दुप्पट झाला तर अडवलेले पाणीही दुप्पट होते आणि ते पडण्याची उंचीही दुप्पट होते, म्हणून वीज चौपट. ला रान्सला हा फरक सरासरी आठ मीटर आहे. खंबातच्या आखातात काही ठिकाणी तो दहा मीटरच्या वर जातो. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत तो चार मीटरच्या आसपास असतो आणि भांगाच्या दिवसांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. दक्षिणेला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याकडे तो आणखी घटत जातो. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या खाडीतून ला रान्सच्या तुलनेत उधाणाला पाव वीज मिळेल आणि भांगाला त्याहून बरीच कमी.

त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र कमी होत नाही. खाडीचे तोंड बांधले की गाळ साचतो, कांदळवनाला मिळणारे पाणी बदलते, आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर चालणारी कोळ्यांची डोल जाळी निकामी होतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला आहे. अशा खाड्यांवर बांध घालून थोडीशी वीज मिळवणे हे नील अर्थव्यवस्थेच्या व्याख्येतही बसत नाही.

खोपोलीशी तुलना केली तर काय दिसते?

एक युनिट वीज मिळवायला किती पाणी किती उंचीवरून पडावे लागते, हा साधा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. चार मीटरच्या भरतीत अडवलेले पाणी सरासरी दोन मीटर पडते. तेथे एका युनिटसाठी, कोणतीही गळती न धरता, सुमारे १ लाख ८४ हजार लिटर पाणी लागेल. हेच पाणी ५०० मीटरवरून पडले तर एका युनिटला ७३५ लिटर पुरतात. यंत्रातील तूट धरली तर साधारण ८५० लिटर. फरक अडीचशे पटींचा आहे.

लोणावळ्याचा माथा आणि खोपोलीचा पायथा यांच्यात साधारण एवढीच उंची आहे. टाटा समूहाने ११५ वर्षांपूर्वी हेच हेरले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये वळवण धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये, तर रायगडमधीलच भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. आज खोपोलीची क्षमता ७२, भिवपुरीची ७५ आणि भिऱ्याची ३०० मेगावॅट आहे. भिऱ्यातील १५० मेगावॅटचा संच पाणी पुन्हा वर चढवूही शकतो.

तसे पाहिले तर हे पाणीही समुद्राचेच. अरबी समुद्रावरून आलेले नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात आणि माथ्यावर पाऊस पाडतात. समुद्राचे पाणी पाचशे मीटर वर नेण्याचे काम सूर्य आणि वारा फुकट करतात. माणसाने धरण, जलवाहिन्या आणि चक्की यांची भर घातली.

मग समुद्री विजेला घाटाची गरज का?

भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. संध्याकाळी सात वाजता शहरात दिवे, पंखे आणि लोकल गाड्या एकाच वेळी वीज मागतात, तेव्हा भरतीची वेळ असेलच असे नाही. समुद्रावरचा वारा जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा स्थिर असतो, पण पावसाळ्यात जोरात आणि इतर काही महिन्यांत मंद. सौरऊर्जा सूर्यास्ताला संपते. या सगळ्या विजेला मधे एक साठा लागतो.

मोठ्या प्रमाणावर आणि अनेक दशके चालणारा साठ्याचा सर्वांत जुना मार्ग उदंचनाचा. एक जलाशय वर, एक खाली. वीज जास्त असेल तेव्हा पंपाने पाणी वर चढवायचे, गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. वर चढवायला १०० युनिट खर्च केले तर साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. म्हणजे हा प्रकल्प वीज तयार करत नाही, तिची वेळ बदलतो. त्याचा दुसरा उपयोग संकटकाळी होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज गेली तशा प्रसंगी काही मिनिटांत सुरू होऊ शकणारे जलविद्युत संच मोलाचे ठरतात.

समुद्र आणि डोंगर यांची जोडी जगात आधी घातली गेली आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर १९९९ मध्ये ३० मेगावॅटचे केंद्र झाले. त्यात खालचा जलाशय म्हणजे खुद्द समुद्र होता आणि खारे पाणी १३६ मीटर वर चढवले जाई. ते २०१६ मध्ये मोडीत काढण्यात आले. स्पेनच्या एल हिएरो बेटावर २०१४ पासून ११.५ मेगावॅटच्या पवनचक्क्या आणि डोंगरावरचा जलाशय एकत्र चालवले जातात. तेथे गोडे पाणी वापरतात. ज्या देशाकडे किनारा आणि त्याला लागून उंच डोंगर आहे, त्याला ही सोय निसर्गतः मिळते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सह्याद्री समुद्रापासून साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर उभा आहे, आणि गुजरातच्या समुद्रात तयार झालेली वीज एकाच राष्ट्रीय ग्रिडमधून घाटापर्यंत येऊ शकते.

कर्जत-खालापूर परिसरात नेमके काय प्रस्तावित आहे?

जून २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टोरेंट पॉवर यांच्यात तीन उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. एकूण क्षमता ५,७०० मेगावॅट आणि गुंतवणूक २७ हजार कोटी रुपये. त्यातील ३,००० मेगावॅटचा सर्वांत मोठा प्रकल्प कर्जतचा आहे, उरलेले दोन मावळ आणि जुन्नरचे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटचा करार केला. त्यातील गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटींची. म्हणजे एकट्या कर्जत तालुक्याच्या नावावर ४,००० मेगावॅट आहेत. तुलनेसाठी, राज्यातील सध्याचे उदंचन प्रकल्प म्हणजे घाटघर २५० मेगावॅट आणि भिऱ्यातील १५० मेगावॅट.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे प्रकल्प सुरू झाले तरी सुरुवातीला ते मुख्यतः दुपारची सौर वीज साठवतील. समुद्रातील वाऱ्याची वीज नंतर येईल. पण जागा एकदाच ठरते आणि ती पुढच्या अनेक दशकांसाठी ठरते. म्हणून आज कर्जतमध्ये लागू होणाऱ्या अटीच उद्याच्या समुद्री विजेलाही लागू होतील.

पाण्याचे काय होईल?

भिवपुरीच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला अवजल म्हणतात. या अवजलावर पेज नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, राजनाला कालव्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकतो आणि पुढे उल्हास नदीतून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण परिसराला पाणी मिळते. खोपोलीचे अवजल पाताळगंगेला मिळते आणि त्यावर औद्योगिक पट्टा व गावे अवलंबून आहेत. वीज तयार करणे हा मूळ हेतू होता, पण शंभर वर्षांत या पाण्याभोवती शेती आणि शहरे वसली.

उदंचनात पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते. समजा, १,००० मेगावॅट सहा तास चालवायचे आहेत. म्हणजे ६० लाख युनिट. ५०० मीटर उंची धरली तर त्यासाठी साधारण ५० लाख घनमीटर, म्हणजे ०.१८ टीएमसी पाणी वर-खाली फिरत राहील. मोठ्या धरणांच्या तुलनेत हा साठा लहान आहे. एकदा भरला की बाष्पीभवन आणि गळती एवढीच भर घालावी लागते. पाण्याची नासाडी होईल, ही भीती त्यामुळे अवाजवी ठरते.

खरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. जुने केंद्र आणि नवा प्रकल्प एकाच खोऱ्यात चालणार असतील तर पेज नदीत आणि राजनाल्यात रोज किती पाणी, कोणत्या वेळी सोडायचे, हे लेखी ठरलेले असायला हवे. नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये भात पोटरीवर असताना ग्रिडच्या गरजेनुसार कालवा चालेल. त्यातच भीमा खोऱ्याचे पश्चिमेला वळवलेले हे पाणी पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांना परत द्यावे, ही मागणी जुनी आहे. ती उद्या मान्य झाली तर तेच पाणी फिरवणारा उदंचन प्रकल्प विजेचे नुकसान काही अंशी भरून काढू शकेल. कर्जतच्या शेतकऱ्याचे अवजल मात्र कमी होईल. दोन्ही बाजूंचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय निर्णय घेणे धोक्याचे आहे.

डोंगर आणि जमीन यांचा प्रश्न किती गंभीर?

उदंचनासाठी जलाशयांबरोबर डोंगराच्या पोटात बोगदे, यंत्रगृह, पोहोच रस्ते आणि उच्चदाबाच्या वाहिन्या लागतात. सह्याद्रीचा बेसाल्ट खडक अशा कामाला सामान्यतः मजबूत मानला जातो. पण त्यावर मातीचा जो थर आहे तो अतिवृष्टीत कसा वागतो, हे खालापूर तालुक्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. त्या दुर्घटनेचा कोणत्याही वीज प्रकल्पाशी संबंध नाही. मात्र धोक्याची यादी अपुरी असू शकते, हे तिने दाखवून दिले. सुरुंग आणि खोदकाम सुरू होण्यापूर्वी उतारावरच्या प्रत्येक वाडीची स्वतंत्र तपासणी ही किमान अपेक्षा आहे.

जमिनीच्या हक्काचा मुद्दा वेगळा आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकर आणि कातकरी वस्ती आहे. मात्र रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नाही, त्यामुळे ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभांना मिळणारे अधिकार येथे लागू नाहीत. पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीतील अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गावाला जी ढाल आहे ती कर्जतच्या वाडीला नाही. तिच्या हाती मुख्यतः २००६ चा वनहक्क कायदा उरतो. त्यामुळे वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्कांचे दावे प्रकल्पाची वनजमीन वळती होण्याआधी निकाली काढणे येथे अधिकच महत्त्वाचे ठरते.

या घाटाला विस्थापनाचा इतिहासही आहे. टाटांच्या धरणाविरोधात मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तेव्हा जमीन घाटमाथ्यावर गेली आणि वीज मुंबईला मिळाली. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी आज नवी मुंबईला जाते. पायथ्याने द्यायचे आणि महानगराने वापरायचे, ही रीत नवी नाही.

स्थानिकांना वाटा मिळणार का?

नेहमीच्या जलविद्युत प्रकल्पांत २००८ च्या राष्ट्रीय धोरणानुसार राज्याला १२ टक्के वीज मोफत मिळते आणि आणखी एक टक्का स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी राखला जातो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या एप्रिल २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी उदंचन प्रकल्पांना मोफत विजेच्या बंधनातून वगळले. नदीपात्राबाहेरच्या उदंचन प्रकल्पांना स्थानिक विकास निधीचे बंधनही नाही. यामागे तर्क आहे. हे प्रकल्प वीज निर्माण करत नाहीत, उलट थोडी खातात. त्यांच्यावर भार टाकला तर साठवलेली वीज महागेल आणि तो भार शेवटी ग्राहकावर येईल. शिवाय अशा प्रकल्पांत विस्थापन नगण्य असते, असे गृहीत धरले आहे.

कर्जतमध्ये हे गृहीतक तपासून पाहावे लागेल. घरे हलवावी लागली नाहीत तरी चराई, सरपण, रानभाज्या, झऱ्याचे पाणी आणि ये-जा करण्याच्या वाटा यांवर परिणाम होऊ शकतो. बांधकामाची काही वर्षे रोजगार मिळतो, नंतर असे प्रकल्प मोजक्या तंत्रज्ञांवर चालतात. प्रकल्प चाळीस-पन्नास वर्षे कमाई करणार असेल तर एकरकमी मोबदल्यापेक्षा दरवर्षीच्या उत्पन्नातला छोटा पण ठरलेला हिस्सा ग्रामपंचायतींना देणे अधिक न्याय्य ठरेल. केंद्राने बंधन काढले म्हणून राज्याला स्वतःच्या करारात असा वाटा ठेवता येत नाही, असे नाही.

इतर विकसनशील किनारी देशांना यातून काय घेता येईल?

समुद्री ऊर्जेत खर्चाचा मोठा भाग सुरुवातीलाच येतो. वारा आणि भरती फुकट असतात, यंत्रे आणि कर्ज फुकट नसते. विकसनशील देशांना कर्ज महाग पडते, त्यामुळे तोच प्रकल्प युरोपात परवडतो आणि येथे परवडत नाही. यावर काही देशांनी आपापले मार्ग शोधले. व्हिएतनामने बाक लियू येथे खोल समुद्रात न जाता किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ९९ मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या केल्या. सेशेल्सने २०१८ मध्ये दीड कोटी डॉलरचे जगातील पहिले सार्वभौम ‘ब्लू बाँड’ काढले आणि तो पैसा शाश्वत मासेमारी व सागरी संवर्धनाकडे वळवला.

दोन्ही ठिकाणी आपल्याला काय झेपते, हे आधी ठरवले गेले. भारतासाठी त्याचा अर्थ असा की भरतीच्या बांधांची स्वप्ने कोकणात पाहण्यात हशील नाही. लाटा आणि उष्णतेवरचे प्रयोग लक्षद्वीप-अंदमानसारख्या, डिझेलवर वीज करणाऱ्या बेटांना आधी उपयोगी पडतील. मुख्य भूमीसाठी समुद्रातील वारा आणि घाटातील साठा हीच व्यवहार्य जोडी दिसते.

यापुढे कशाकडे लक्ष ठेवावे?

घोषणेतले मेगावॅट आणि कोटी यांपेक्षा चार कागद महत्त्वाचे आहेत. पहिला, पेज, राजनाला आणि पाताळगंगेत रोज किती पाणी सोडायचे याचे बंधनकारक वेळापत्रक. दुसरा, प्रकल्पक्षेत्रातील वाड्यांचा दरड-धोका अहवाल, मराठीत आणि ग्रामपंचायतीत उपलब्ध. तिसरा, वनहक्क दाव्यांची गावनिहाय सद्यस्थिती. चौथा, विजेच्या साठवणुकीतून येणाऱ्या उत्पन्नात स्थानिक वाटा असल्याची राज्याच्या करारातील अट. पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत जेथे जनसुनावणी होते तेथे ही माहिती मागण्याचा अधिकार गावकऱ्यांना आहे. करार कागदावर आहेत तोवर त्यात अटी घालणे शक्य असते. बोगद्याचे काम सुरू झाल्यावर त्याच अटींसाठी आंदोलन करावे लागते.